सलाईन म्हणजे जेवण नव्हे: ॲडमिट पेशंटचं कुपोषण कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

आधी सलाईनचा हिशोब करून टाकू, कारण वॉर्डमधे माझी निम्मी वादावादी त्यावरूनच होते. "मॅडम, जेवत नाहीयेत पण सलाईन चालू आहे ना, ताकद मिळतेय" हे वाक्य चौदा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. तर ५ टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली असते तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. कॅलरी जेमतेम ८५ ते १००, एका तेल लावलेल्या पोळीएवढ्या. प्रोटीन शून्य. आणि नॉर्मल सलाईन असेल तर ते नुसतं मिठाचं पाणी, त्यात कॅलरीच नाहीत. दिवसाला तीन बाटल्या लावल्या तरी तीन कोरड्या पोळ्या पोटात गेल्यासारखं, डाळ नाही, भाजी नाही. सलाईनचं काम वेगळं आहे, पाणी आणि क्षार भरून काढणं, औषध आत सोडायला वाट ठेवणं, ते काम ते चोख करतं. जेवणाचं काम त्याला सांगू नका.

मी आहारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलमधे. हे लिहितेय ते मुख्यतः नातेवाईकांसाठी, कारण मी पेशंटजवळ दिवसाला दहा मिनिटं असते, डॉक्टर राउंडला पाच मिनिटं, आणि तुम्ही चोवीस तास. ताट परत जाताना फक्त तुम्ही बघता. नवीन नर्सिंगच्या मुलामुलींनाही उपयोग होईल.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मेळघाटातलं पोट सुटलेलं लेकरू येतं. हॉस्पिटलमधलं कुपोषण तसं दिसत नाही हो. ते ढेरी असलेल्या रिटायर्ड माणसात असतं, शुगरवाल्या आजीत असतं, कॅन्सरच्या तिसऱ्या किमोला आलेल्या बाईत असतं. १९७४ साली अमेरिकेत चार्ल्स बटरवर्थ नावाच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं की पेशंट हॉस्पिटलमधे येऊन, डॉक्टरांच्या डोळ्यादेखत उपाशी पडतायत, वजन कोणी लिहीत नाही, तपासण्यांसाठी जेवणं चुकतात, सलाईनवर दिवस काढले जातात. पन्नास वर्षं झाली, यादी वाचली की वाटतं आपल्याच वॉर्डबद्दल आहे.

आणि नीट खायला घातल्यानं फरक पडतो का, तर पडतो. स्वित्झर्लंडमधे आठ हॉस्पिटलांत २,०८८ पेशंटवर अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला. कुपोषणाचा धोका असलेल्या निम्म्या लोकांना आहारतज्ज्ञांनी ठरवून, मागे लागून पुरेसं खायला दिलं, निम्म्यांना नेहमीचं हॉस्पिटलचं जेवण. तीस दिवसांत नेहमीच्या जेवणावरचे साधारण १० टक्के पेशंट गेले आणि ठरवून जेवलेल्यांतले ७ टक्के. नवीन औषध नाही, मशीन नाही, फक्त जेवण.

पायरी १: वजन. अंदाजे नाही, काट्यावर.

एक काका आठवतात, सांगोल्याकडचे, खुब्याचं हाड मोडून आलेले. केसपेपरवर लिहिलं होतं "वजन ६०, अंदाजे". हा "अंदाजे" शब्द माझा वैरी आहे. मी बेडजवळ गेले तर काकांच्या बोटात अंगठी होती आणि अंगठीला आतून लाल दोरा गुंडाळलेला. काकूंना विचारलं, कधी गुंडाळला? म्हणाल्या, "गौरी-गणपतीत, सारखी गळून पडायची बघा." तिथंच मला निम्मं निदान मिळालं. काका पडल्यामुळं खंगले नव्हते, खंगल्यामुळं पडले असावेत.

हे असले पुरावे शोधायला शिका. पायजम्याची नाडी किती खेचावी लागते, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय का, घड्याळ कोपराकडं सरकतं का, बांगड्या हात उभा केल्यावर कुठपर्यंत येतात, कवळी सैल झालीय का. मग कागद शोधा. मागच्या सहा महिन्यांत कुठं ना कुठं वजन झालेलं असतंच, शुगर तपासायला गेले होते, डोळ्याच्या ऑपरेशनची फाईल असते, एखादं शिबिर असतं. काकांच्या मुलाला चार महिन्यांपूर्वीची चिठ्ठी सापडली, ६२ किलो. ऑपरेशननंतर व्हीलचेअरवर बसवता आलं तेव्हा खुर्चीसकट तोललं आणि खुर्चीचं वजन वजा केलं, ५४.

आता गणित. गेलं ८ किलो, भागिले ६२, गुणिले १००, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. नुसतं "आठ किलो कमी झालं" म्हणण्यापेक्षा टक्केवारी काढा, कारण नव्वद किलोच्या माणसाचे आठ आणि पंचेचाळीस किलोच्या आजींचे आठ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ब्रिटनमधे २००३ पासून "मस्ट" नावाची एक तपासणी वापरतात, आम्हीपण तीच वापरतो, घरच्या माणसालाही करता येईल इतकी सोपी आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तो २० च्या वर असेल तर ० गुण, १८.५ ते २० मधे १, त्याखाली २. मग तीन ते सहा महिन्यांत मुद्दाम न उतरवता उतरलेलं वजन, ५ टक्क्यांच्या आत ०, ५ ते १० टक्के १, त्याच्यावर २. आणि माणूस इतका आजारी आहे की पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलेलं नाही किंवा जाणार नाही, तर आणखी २. बेरीज ० तर निवांत, १ म्हणजे लक्ष ठेवा, २ किंवा जास्त म्हणजे आजच आहारतज्ज्ञाला बोलवा. काकांची उंची १६५ सेंटिमीटर, बीएमआय १९.८ म्हणून १, वजनाचे २, झाले ३.

माणूस उभाच राहू शकत नसेल तर? दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, हात सैल सोडून, शिंप्याची टेप. २३.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर बीएमआय बहुतेक २० च्या खाली आहे असं धरतात. उंची मोजता येत नसेल तर आम्ही कोपरापासून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी घेऊन तक्त्यावरून काढतो, ते आमच्यावर सोडा. आणि सत्तरीच्या पुढं आपल्याकडच्या लोकांत बीएमआय २० च्या खाली गेला तरी कमीच समजायचा, १८.५ ची वाट बघायची नाही.

जाड माणसांत हे सगळ्यात जास्त चुकतं. ९२ चे ८० झाले की पाहुणे म्हणतात "अरे वा, बारीक झालात, छान!" पण ते १३ टक्के आहेत, आणि आजारात चरबीबरोबर स्नायूपण झपाट्यानं झडतात. वर चरबीचं पांघरूण असल्यामुळं दिसत नाही इतकंच.

पायरी २: डोळ्यांनी आणि हातांनी बघा

वजनावर एकट्यावर भिस्त ठेवू नका कारण सूज वजन लपवते. लिव्हर, किडनी, हार्टच्या पेशंटच्या पायात, पोटात पाच-सात किलो पाणी सहज साठलेलं असतं, काटा म्हणतो वजन वाढलं आणि माणूस आतून वाळत चाललेला. नडगीवर बोटानं दहा सेकंद दाबा, खड्डा राहिला तर सूज आहे.

मग कानशिलं बघा, खोबणीसारखी आत गेलीत का. गळ्याखालचं हाड चौकटीसारखं वर आलंय का. खांदा गोल आहे की खुंटीसारखा चौकोनी. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकवायला सांगा, त्यांच्यामधे हाताच्या पाठीवर मांसाचा एक उंचवटा यायला हवा, तो सपाट किंवा खोल असेल तर स्नायू गेलेत. गुडघ्याच्या वरची मांडी दोन्ही हातांनी धरून बघा. जीभ लालभडक, ओठांचे कोपरे फाटलेले, केस सहज हातात येणारे, जखम भरत नाही, पाठीला बेडसोअर सुरू झालाय, ही सगळी त्याच कुटुंबातली मंडळी.

एक रिपोर्ट मात्र उगाच बदनाम आहे, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. ते कमी आलं की नातेवाईक म्हणतात कुपोषण, आणि महागडी बाटली लावा म्हणतात. अल्ब्युमिन इन्फेक्शनमधे, सूज-दाहामधे आपोआप खाली येतं, उत्तम जेवणाऱ्या माणसाचंही न्यूमोनियात उतरतं. शिरेतून दिलेलं अल्ब्युमिन हे पोषण नाही, त्याची कारणं वेगळी असतात आणि ती डॉक्टर ठरवतात.

पायरी ३: ताटाची वही

चाळीस पानी वही आणा, वीस रुपयांची. प्रत्येक जेवणाला ताटाचे चार भाग कल्पायचे आणि किती भाग पोटात गेले ते लिहायचं. पाव, अर्धं, पाऊण, सगळं. "बरं खाल्लं", "थोडंसं खाल्लं" असं लिहायचं नाही, कारण सुनेचं "बरं" आणि सासूचं "बरं" यात एक पोळीचा फरक असतो. मधला चहा, बिस्किट, शहाळं, सगळं लिहा. उलटी झाली तर तीही.

काकांची पहिल्या दिवसाची वही अशी होती: सकाळी चहा आणि दोन मारी, उपमा अर्धी वाटी, दुपारी एक पोळी, भाजी दोन घास, पातळ वरण अर्धी वाटी, संध्याकाळी चहा, रात्री खिचडी अर्धी वाटी. काकू म्हणाल्या, "तसं पाच वेळा खाल्लंय की." मी हिशोब केला, ६०० च्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन १५-१८ ग्रॅम. त्यांना लागत होतं ते पुढं सांगते, पण हे निम्म्याहून कमी होतं.

सलग तीन दिवस निम्म्यापेक्षा कमी जात असेल तर ती वही घेऊन राउंडला डॉक्टरांच्या समोर उभे राहा. आकडा दाखवला की कोणीही थांबतं, नुसतं "जेवत नाहीत हो" म्हटलं की "हळूहळू जेवतील" असं उत्तर मिळतं. हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत पेशंटच्या पोषणाची तपासणी आहे, म्हणजे आहारतज्ज्ञाला बोलवा म्हणणं हे काही तुमचं जास्तीचं मागणं नाही.

पायरी ४: का जेवत नाहीत?

इथं घाई करू नका, सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे, आणि लोक नेमकी ही पायरी सोडून थेट प्रोटीन पावडरच्या डब्याकडं धावतात.

काकांचं कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. कवळी. ऑपरेशनच्या आधी कवळी काढून ठेवा म्हणून सांगितलं, मुलानं ती स्टीलच्या डबीत घालून घरी नेऊन फडताळात ठेवली, आणि सहा दिवस काका पोळी ओठांनी चाळवून बाजूला ठेवत होते. त्यांनी सांगितलं का नाही? "कशाला पोरांना हेलपाटा." कवळी आली त्या दिवशी पाऊण ताट गेलं.

म्हणून तोंड आधी. टॉर्च घेऊन बघा. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग असतील तर फंगस असू शकतं, अँटिबायोटिक, स्टिरॉइड, किमोवाल्यांत नेहमीचं आहे, औषधानं जातं. जेवणाआधी चूळ भरायला द्या, रात्रीपासून बंद असलेल्या तोंडाला कोणतंही अन्न कडूच लागणार. मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर तोंडाला धातूसारखी चव येते, मेटफॉर्मिननं मळमळ होते, वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांनी पोट साफ होत नाही. चार दिवस संडासला झालं नाही तर कोण जेवेल? दुखत असेल तर जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी मिळेल का ते सिस्टरना विचारा. ड्रेसिंग आणि फिजिओ ऐन जेवणाच्या वेळेला येत असतील तर वेळ बदलून मागा. ताट टेबलावर आहे पण टेबल पायाशी आहे आणि पेशंटच्या हाताला सलाईन, हे मी रोज बघते. इंग्लंडच्या काही हॉस्पिटलांत ज्यांना भरवायला मदत लागते त्यांचं जेवण लाल ट्रेमधून येतं, म्हणजे ट्रे उचलायला येणाऱ्यालाही कळतं की हा न शिवता परत न्यायचा नाही. आपल्याकडं लाल ट्रे म्हणजे तुम्हीच.

उपाशी ठेवणं हे दुसरं मोठं कारण. माझ्याच हॉस्पिटलमधली गोष्ट सांगते, एका आजींचं ऑपरेशन तीन दिवस रोज पुढं ढकललं गेलं, रोज रात्री दहापासून पाणी बंद, दुपारी तीनला "आज होणार नाही", मग चारला चहा-बिस्किट, आणि रात्री परत बंद. तीन दिवसांत त्यांच्या पोटात एक धड जेवण गेलं नाही आणि यात कुणीही वाईट माणूस नव्हता, फक्त कुणी मोजत नव्हतं. भूल द्यायच्या आधी सर्वसाधारण नियम जेवणाला सहा तास आणि साध्या पाण्याला दोन तास असा आहे. डायबेटीस, पोटाचे आजार, इमर्जन्सी यात फरक पडतो, म्हणून भूलतज्ज्ञांना सरळ विचारा, "नंबर कितीला आहे, शेवटचं खाणं कधी देऊ, आणि कॅन्सल झालं तर लगेच सांगाल का?" भूलतज्ज्ञ रागवत नाहीत.

तिसरं कारण आपलं पथ्य. आंबट खाल्लं की टाके पिकतात, दही थंड, केळ्यानं कफ, अंडं उष्ण, तूरडाळ नको, शेंगदाणे नको, भात नको. सगळं वजा केलं की उरतं काय, मुगाचं पाणी आणि मऊ भात. टाके आंबटानं पिकत नाहीत, जंतूंनी पिकतात, आणि भरून यायला प्रोटीनच लागतं. लिव्हरच्या, किडनीच्या पेशंटचं पथ्य खरं असतं, ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं, शेजारच्या बेडवरच्या मावशींनी नाही. आणि उपवास. आषाढी, संकष्टी, श्रावणी सोमवार, आजी हॉस्पिटलमधेही सोडत नाहीत. भांडू नका, उपवासाचंच पण भरीव द्या, दूध, दही, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी, वरीचा भात. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, दाण्याचा कूट सढळ घाला.

गिळताना ठसका लागतो का हे मात्र जपून. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर, खूप गुंगीत असताना, पाणी पिताना खोकला येतो किंवा आवाज ओला-घरघरीत होतो, अशावेळी जबरदस्तीनं चमच्यानं भरवलं तर अन्न फुप्फुसात जातं. थांबा, सिस्टरना सांगा, गिळण्याची तपासणी होऊ द्या.

पायरी ५: किती लागतं, आणि ते कसं बसवायचं

साधारण आजारी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतो. काकांचे ५४ किलो, म्हणजे १,३५० ते १,६२० कॅलरी आणि ६५ ते ८१ ग्रॅम प्रोटीन. कॅलरी तुपानं भरता येतात, प्रोटीन नाही, म्हणून माझं सगळं लक्ष प्रोटीनवर.

ज्याला भूक नाही त्याला ताट वाढवून काही होत नाही, ताट बघूनच पोट भरतं. तेवढ्याच घासात जास्त कोंबायचं. सकाळच्या चहाऐवजी २०० मिली दूध आणि त्यात दोन मोठे चमचे दूध पावडर, १३ ग्रॅम झाले. नाश्त्याला दोन अंडी, १२ ग्रॅम. दुपारी वरण पातळ नाही, घट्ट, एक वाटी, ७ ग्रॅम, त्यावर तूप. जेवणात किंवा चारला वाटीभर दही, ५. संध्याकाळी मूठभर शेंगदाण्याचा लाडू, ६. रात्री ५० ग्रॅम पनीर कुस्करून खिचडीत, ९. झोपताना परत तेच पावडर घातलेलं दूध, १३. बेरीज ६५, आणि पोळी-भात-भाजीतलं थोडं वेगळंच. अंडं चालत नसेल तर २५-३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, वाटून भाजीत मिसळा, तेवढंच मिळतं. मासे, चिकन खाणारे असतील तर १०० ग्रॅममागं वीसच्या आसपास ग्रॅम, कशाला सोडता. सूप मात्र नुसतं गाळलेलं देऊ नका, प्रोटीन गाळणीत राहतं आणि पेशंटला चव मिळते.

नाचणीबद्दल विचारतात म्हणून, नाचणी छान आहे, कॅल्शियम भरपूर आहे, पण १०० ग्रॅममधे प्रोटीन ७ ग्रॅम, आंबिलीत तर पाणीच जास्त. दुधात शिजवून द्या. शहाळं, मोसंबी ज्यूस, सफरचंद हे भेटायला येणाऱ्यांचं शास्त्र आहे, त्यानं पोट भरतं आणि प्रोटीन मिळत नाही. त्यांना सांगा, येताना पनीर आणा, उकडलेली अंडी आणा. हसतील, पण आणतील.

तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी करा. जेवताना पाणी कमी, जेवणाच्या आधी अर्धा तास बंद. पाठ सरळ करून बसवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. आणि जमेल तेवढं उठवा, चालवा, कारण पलंगावर पडून राहिलं तर खाल्लेलं प्रोटीन स्नायूत जात नाही.

थांबा, घाई करू नका: बरेच दिवस उपाशी असलेला माणूस

वरचं सगळं वाचून कुणी दहा-बारा दिवस अन्नाला न शिवलेल्या माणसाला एकदम शिरा, पेढे, प्रोटीन पावडर सुरू करेल म्हणून हे वेगळं सांगतेय. उपाशी शरीर चरबी जाळून कसंबसं चाललेलं असतं. एकदम साखर आली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींच्या आत ओढून घेतं. रक्तात त्यांचा दुष्काळ पडतो, हार्टचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडून माणूस भ्रमिष्ट होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत पोटभर जेवल्यावर माणसं दगावली, तेव्हापासून हे माहीत आहे. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

कोणाला धोका? बीएमआय १६ च्या खाली, किंवा तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांवर वजन गेलेलं, किंवा दहा दिवसांहून जास्त जवळजवळ उपाशी, किंवा सुरुवातीलाच हे क्षार कमी. यातलं एक पुरे. दारू पिणाऱ्यांत, किमोवाल्यांत याहून कमीमधेही धोका असतो. अशांना किलोमागं १० कॅलरीपासून सुरू करून चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवतात, अगदीच खंगलेल्याला ५ पासून, आणि जेवण सुरू व्हायच्या आधी थायमिन देतात, रोज रक्त तपासून क्षार भरतात. हे घरी करायचं काम नाही. तुमचं काम एवढंच, "शेवटचं नीट जेवण कधी झालं" हे डॉक्टरांना खरं खरं सांगणं, दारूसकट. लपवू नका. आणि जेवण सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात धाप, पायावर सूज, बरळणं, खूप अशक्तपणा दिसला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवा.

पायरी ६: ताटानं भागत नाही तेव्हा

आधी पावडर किंवा तयार पेय. ते जेवणाऐवजी नाही, जेवणांच्या मधे. डब्यावर पुढं काय लिहिलंय ते सोडा, मागं एका मापात प्रोटीन किती ते वाचा, पुष्कळ चॉकलेटी डब्यांत साखरच निघते. पाण्याऐवजी दुधात करा, गार करून द्या, मळमळणाऱ्यांना गार बरं जातं, वासही कमी येतो.

तरीही निम्म्याच्या वर जात नसेल किंवा गिळताच येत नसेल तर नाकातून नळी. नळी म्हटलं की घरचे रडायला लागतात, "आता शेवट आला". अहो, नळी तात्पुरती असते, तोंडानं खाता आलं की काढतात. पोट चालू असेल तर पोटातूनच द्यायचं, शिरेतून नाही, कारण आतड्याला काम मिळालं पाहिजे. शिरेतलं पूर्ण पोषण, टीपीएन, हे आतडं बंद असेल तेव्हासाठी, खर्चिक आहे आणि इन्फेक्शनची भीती असते.

नळीतून देताना डोकं ३० ते ४५ अंश वर. नळी जागेवर आहे हे सिस्टरनी बघितल्याशिवाय थेंबही सोडायचा नाही. सिरिंजचा दट्ट्या ढकलायचा नाही, सिरिंज उभी धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी-नंतर ३० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. गोळ्या पूड करून, एकेक वेगळी, आणि कोणती गोळी फोडायची नाही ते विचारून. घरून आणायचं असेल तर सुती कापडातून गाळून, आणि आपल्या उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचं नाही. जुलाब लागले की सगळे फीडला, म्हणजे नळीतल्या अन्नाला, दोष देतात, आधी अँटिबायोटिक आणि हाताची स्वच्छता बघा.

काही खास पेशंट, थोडक्यात

डायबेटीस: साखर बंद म्हणजे जेवण बंद नाही. दूध, अंडी, पनीर, डाळी सगळं चालतं. पण जेवण निम्मं झालं आणि इन्शुलिन पूर्ण दिलं तर शुगर कोसळते, म्हणून किती जेवले ते इन्शुलिनच्या आधी सिस्टरना सांगा.

लिव्हर सिऱ्हॉसिस: "प्रोटीन डोक्यात चढतं" म्हणून डाळी-पनीर बंद केलेले असतात. आता तसं करत नाहीत, त्यांना उलट किलोमागं १.२ ते १.५ ग्रॅम लागतं, आणि रात्री झोपताना काहीतरी खाणं फार गरजेचं.

किडनी: डायलिसिस नसताना प्रोटीन आवरतात, डायलिसिस सुरू झालं की वाढवतात, किलोमागं १ ते १.२ ग्रॅम. बरेच लोक जुना कागद धरून बसतात. आणि मोठ्या आजारात ॲडमिट असताना घरचं पथ्य तसंच चालवायचं का ते नेफ्रॉलॉजिस्टना पुन्हा विचारा.

टीबी: इथं मला दोन ओळी जास्त लिहायच्यात. झारखंडमधे झालेल्या आणि २०२३ साली छापलेल्या अभ्यासात पेशंटना रेशन दिलं, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ६१ टक्क्यांनी कमी दिसलं. घरच्यांना रेशन दिलं तर त्यांच्यातही टीबी कमी झाला. निक्षय पोषण योजनेत आता महिना १,००० रुपये पेशंटच्या खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. बँक खात्याचा नंबर टीबी युनिटमधे दिलाय का तेवढं बघा.

लहान मुलांचं गणित वेगळं आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तर घरगुती प्रयोग नको, पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

पायरी ७: डिस्चार्जचा दिवस

त्या दिवशी सगळं लक्ष बिलाकडं असतं, मान्य. पण गाडीत बसायच्या आधी पेशंटला काट्यावर उभं करा आणि ते वजन डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. नसेल लिहीत तर स्वतः पेननं तारखेसकट लिहा. आहाराचा कागद मिळाला तर त्यात "हाय प्रोटीन डाएट" एवढंच लिहिलंय का बघा, तसं असेल तर परत आत जाऊन विचारा, हाय म्हणजे किती, आमच्या घरात काय शिजतं त्यातून कसं.

घरी आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी संडास झाल्यावर, हलक्या कपड्यात वजन. रोज करू नका, जीव टांगणीला लागतो. दोन आठवडे सलग उतरत असेल तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर आनंद मानू नका, नडगीवर बोट दाबून बघा आणि फोन करा. काकांचं पहिल्या महिन्यात दीड किलो वाढलं, मला वाटलं होतं त्याहून कमीच, पण काठी घेऊन वॉर्डच्या पायऱ्या चढून आले.

वही महिनाभर तरी चालू ठेवा, आणि ओपीडीला जाताना एक्सरेच्या पिशवीत तीपण टाका.